मांड्यांचं खापर आणि आमचा पाव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी आमच्याकडे ज्ञानदेव-मुक्ताईच्या मांड्यांची कथा वाचली. बेळगावात ही कथा ऐकताना प्रत्येकीच्या डोळ्यांपुढे खरंच खापर उभं राहतं, कारण मांडे आमच्या गावचेच. चुलीवर उपडं घातलेलं मोठं भांडं, खाली जाळ, आणि हातावर फिरवत रुमालासारखा पातळ केलेला मांडा त्यावर अलगद टाकायचा. हात चुकला की गेला.

कथा तुम्हाला ठाऊक आहेच. मुक्ताईला मांडे करायचे होते. विसोबा चाटीने कुंभारांना बजावलं, या संन्याशाच्या पोरांना खापर द्यायचं नाही. पोर रडत घरी आली. ज्ञानदेवांनी जठराग्नी चेतवला, त्यांची पाठ तव्यासारखी तापली आणि मुक्ताईने त्या पाठीवर मांडे भाजले. ते बघून विसोबा शरण आला, त्यांचं उष्टं मागून खाल्लं. पुढे हाच विसोबा खेचर नामदेवांचा गुरू झाला.

आजवर आम्ही ही कथा चमत्काराची म्हणूनच ऐकत आलो. या खेपेला मात्र वाचणारी मध्येच थांबली आणि ऐकणाऱ्या आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळू लागलो. विसोबाने एक मातीचं भांडं मिळू दिलं नाही. असंच काहीतरी आमच्या हातूनही झालं होतं.

गेल्या गुरुपौर्णिमेला मंडळातली एक सूनबाई घरी भाजलेला पाव घेऊन आली होती. अंडं नाही, बाजारचं काही नाही, आदल्या रात्री जागून केलेला. मोठ्या काकूंनी तो नैवेद्याच्या ताटाजवळून उचलला आणि चहाच्या टेबलावर नेऊन ठेवला. कोणी काही बोललं नाही. सूनबाई त्यानंतर चार महिने आली नाही. नोकरी असेल, पाऊस असेल, असं म्हणत आम्ही दिवस काढले, आणि मनातल्या मनात खापर काकूंच्या डोक्यावर फोडून मोकळ्या झालो. पण उचललं काकूंनी, तरी वाट करून दिली ती आम्हीच की!

काकूंची बाजूही सांगायला हवी. आमच्या आज्या गोव्याकडून आलेला पाव घरात घेत नसत. तो माडाच्या सुरेने फुगवतात, पायाने तुडवतात, म्हणूनच त्याला पाव म्हणतात, असं त्या सांगत. शब्द खरा पोर्तुगीजांचा, त्यात पायाचा काही संबंध नाही. पण लहानपणी कानावर पडलेलं जात नाही. शिवाय काकू गीता वाचणाऱ्या. सतराव्या अध्यायात शिळं आणि नासलेलं अन्न तामस म्हटलंय, मग आंबवलेला पाव देवापुढे कसा, हा त्यांचा प्रश्न. आम्ही म्हटलं, "काकू, तुमच्या आंबोळ्या? दही?" तर म्हणाल्या, "ते आपलं आंबवणं." यावर काय बोलणार! भगवंताने पान, फूल, फळ, पाणी भक्तीने दिलं तर घेतो म्हटलंय, हेही सांगून बघितलं. काकू म्हणाल्या, "पाव कुठं म्हटलाय त्यात?"

पण कथा त्यांनाही लागली होती. दोन दिवसांनी त्यांनीच फोन केला, "त्या पोरीला माझ्याकडे बोलवा. शिकवेल का विचारा. माझा ओव्हन पडूनच आहे."

सूनबाई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, "यीस्ट मी आणते. मैदा चाळून ठेवा. सफरचंदं असतील तर पायपण करू." हा निरोप आम्ही ग्रुपवर टाकला, 'शनिवारी काकूंकडे पाय', तर इंदूरच्या एका ताईंनी लगेच विचारलं, कोणाची पाद्यपूजा आहे?

शनिवारी सकाळी टिळकवाडीत काकूंच्या स्वयंपाकघरात आम्ही पाच जणी. अर्धा किलो पीठ, त्यात तिसरा हिस्सा कणीक. काकूंनी उत्साहाने यीस्टवर उकळतं पाणी ओतलं. दहा मिनिटं झाली तरी फेस येईना. कढत पाण्याने यीस्ट मरतं, हे सूनबाईला दिसत होतंच. ती काही बोलली नाही, पर्समधून दुसरी पुडी काढली आणि काकूंचं बोट धरून पाण्यात बुडवलं. "बाळाला आंघोळ घालताना बघतो तेवढंच कोमट, काकू." चार महिन्यांपूर्वी आम्ही तिला असं हळू काही सांगितलं नव्हतं.

पावाचं पीठ दहा-बारा मिनिटं मळायचं. दाबायचं, ओढायचं, परत दाबायचं, मग ते रबरासारखं लवचिक होतं आणि हवा धरून ठेवतं. पायचं पीठ अगदी उलट. फ्रीजमधलं घट्ट लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळायचं, बर्फाचं पाणी घालून नुसतं गोळा करायचं आणि सोडून द्यायचं. जास्त हाताळलं की भाजल्यावर चामडं होतं. मैदा एकाच डब्यातला! मंडळात कोणाला आग्रह करायचा आणि कोणाला मोकळं सोडायचं, यात आमची किती गल्लत होते ते त्या दोन परातींपुढे बसून कळलं.

थंडीमुळे पीठ फुगायला दीड तास लागला. एरवी इतका वेळ आम्ही नामस्मरणाला बसलो की घड्याळ बघतो. त्या दिवशी सफरचंदं चिरत, दालचिनी कुटत जप चालू होता आणि मध्येमध्ये हसणंही. तेवढ्यात एकीच्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी आमचं चुकलं गं."

सूनबाईने सुरी खाली ठेवली. "मला वाटलं मीठ जास्त झालं होतं. म्हणून तुम्ही बाजूला ठेवलात. तेव्हापासून मी मीठ कमीच घालते."

कोणाला काही सुचेना. काकू उठून उगाच पिठावरचा पंचा नीट करत राहिल्या.

पाव दोनशे अंशांवर पस्तीस मिनिटांत झाला. खालून टिचकी मारली की पोकळ आवाज आला पाहिजे, तसा आला. मग पाय ओव्हनमध्ये गेला आणि घरभर लोणी-दालचिनीचा वास सुटला. कड एका बाजूला जरा करपली, पण कोणी नाव ठेवलं नाही. पहिला तुकडा काकूंनीच कापला, त्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि देवघरात नेला. आम्ही बघतच राहिलो. म्हणाल्या, "आत सफरचंद आहे. फळ चालतं."

पाव मात्र चहाबरोबरच खाल्ला. कोवळं ऊन, गरम पाव, वर घरचं लोणी. काकूंनी पहिला घास घेतला, सावकाश चावला आणि सूनबाईकडे बघून म्हणाल्या, "अळणी झालाय गं. दत्तजयंतीला आणशील तेव्हा मीठ पहिल्यासारखं घाल."

॥ जय गुरुदेव ॥