सर्वांचें हित आणि एकाचा श्वास

ज्यानें दम्याच्या रोग्याच्या उशाशीं एखादी रात्र काढिली आहे, त्यास श्वासाची किंमत निराळी सांगावी लागत नाहीं. रोगी अंथरुणावर उठून बसलेला असतो. हात गुडघ्यांवर टेकलेले, खांदे वर ओढलेले, आणि छातींतून शीळ वाजावी तसा आवाज. त्यास बोलवत नाहीं कीं निजवत नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांत मनुष्याच्या घडणीचें जें वर्णन आहे, त्यांत श्वास ही देवाची पहिली देणगी दिसते. ही देणगी ज्यास क्षणोक्षणीं पुनः मागून घ्यावी लागते, त्याचें नांव दमेकरी.

अशा रोग्याचा आधार म्हणजे मुठींत मावेल असा एक लहानसा पंप. त्या पंपाची एक खरी हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. ती मुख्यतः अमेरिकेंत घडली. परंतु तींतून जो प्रश्न निघतो, तो आपल्या खेड्यांतील मंडळ्यांसही टाळतां येणार नाहीं. प्रश्न हा कीं, सर्वांच्या हिताचें काम करितांना त्याचा भार एखाद्या दुर्बळावर पडला, तर तें काम न्यायाचें ठरतें काय?

इ. स. १९५५ सालीं रायकर नांवाच्या अमेरिकन औषधी कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेझन यांस त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनें विचारिलें कीं, केसांस लावावयाचें द्रव्य डब्यांतून फवारतां येतें, तर माझें औषध तसें कां येऊं नये? तोंपर्यंत रोग्यांस रबरी फुगा दाबून काचेच्या उपकरणांतून औषध ओढावें लागे. लेकराच्या ह्या प्रश्नांतून १९५६ सालीं पहिला पंप विक्रीस आला. त्याच्या डबींत औषधाबरोबर एक वायु दाबून भरलेला असे, आणि डबी दाबतांच तो औषधाचा मोजका अंश घेऊन वेगानें बाहेर पडे. हा वायु क्लोरोफ्लुओरोकार्बन ह्या जातीचा. तो पेट घेत नाहीं, म्हणून शीतपेट्यांत व नाना प्रकारच्या फवाऱ्यांतही तोच वापरीत. तो निरुपद्रवी आहे असें सर्वांस वाटे.

परंतु १९७४ सालीं मोलिना व रोलंड ह्या दोन शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, हा वायु हळूहळू फार उंच जातो, तेथें सूर्यकिरणांनीं फुटतो, आणि त्यांतील क्लोरीन ओझोनच्या आवरणाचा नाश करितो. सूर्याचे जे अतिनील किरण मनुष्याच्या कातडीस व डोळ्यांस अपाय करितात, ते हें आवरण अडवून धरितें. जणूं सर्व पृथ्वीवर घातलेलें तें एक छप्परच आहे. १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील ओझोन फार विरळ होत असल्याचें ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं जाहीर केलें. मग १९८७ च्या सप्टेंबरांत माँट्रियल येथें राष्ट्रांनीं करार करून हे वायु बंद करण्याचें ठरविलें, आणि २००९ पर्यंत जगांतील सर्व राष्ट्रांनीं त्या करारास मान्यता दिली. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालाप्रमाणें, हाच क्रम चालू राहिल्यास बहुतेक जगावरील ओझोन २०४० च्या सुमारास व दक्षिण ध्रुवावरील २०६६ च्या सुमारास १९८० च्या स्थितीस येईल. मनुष्यजातीनें आपली चूक ओळखून एकमतानें मागें फिरावें, असें इतिहासांत क्वचितच घडलें आहे. ह्याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत.

दम्याच्या पंपांस प्रथम ह्या बंदींतून सूट होती. पुढें ओझोनास अपाय न करणारा एच.एफ.ए. नांवाचा दुसरा वायु घालून नवे पंप निघाले, तेव्हां २००५ सालीं अमेरिकन सरकारनें ठरविलें कीं, साल्ब्युटामोल औषधाचे जुने पंप ३१ डिसेंबर २००८ नंतर विकूं नयेत.

येथून रोग्यांची कुरकुर सुरू झाली. जुन्या पंपाचा फवारा थंड व जोराचा असे. घशावर आदळला कीं औषध पोंचल्याची खूण पटे. नवा फवारा मऊ व ऊबदार. कित्येकांस वाटलें कीं हा नुसता वारा आहे. नव्या पंपाचें तोंड लवकर चोंदे, म्हणून डबी काढून त्याचें प्लॅस्टिकचें घर आठवड्यास कोमट पाण्यानें धुवून वाळवावें लागे. पुष्कळांस हें कोणीं सांगितलेंच नव्हतें. आणि सर्वांत मोठें दुःख किंमतीचें. जुना पंप अनेक कंपन्या करीत, म्हणून तो स्वस्त होता. नव्यांवर पेटंटाचे हक्क होते. विमा असलेल्या रोग्यांच्या एका पाहणींत असें आढळलें कीं, दर खेपेस पदरचे जे सरासरी १३.६० डॉलर २००४ सालीं पडत, ते बंदी होतांच २५ झाले. ज्यांस विमाच नव्हता त्यांची गोष्ट वाचकांनीं मनांत आणावी.

आतां न्याय कसा करावा?

पहिली गोष्ट, ह्या कुरकुरीस अज्ञान म्हणून झिडकारूं नये. परीक्षांत नवें औषध जुन्याइतकेंच गुणकारी ठरलें होतें, हें खरें. परंतु मध्यरात्रीं श्वास कोंडला असतां रोग्याच्या हातीं परीक्षेचा कागद नसतो, पंप असतो. थोमानें खूण मागितली, तेव्हां प्रभूनें त्यास दूर लोटिलें नाहीं. आपले हात त्याच्यापुढें केले. ज्या डॉक्टरानें नवा पंप रोग्याच्या हातीं देऊन तो कसा ओढावा व कसा धुवावा हें करून दाखविलें, त्यानें प्रभूचा कित्ता गिरविला. ज्यानें “दोन्ही सारखेच” एवढेंच म्हटलें, तो सत्य बोलला, पण त्या सत्याचा रोग्यास उपयोग झाला नाहीं.

दुसरी गोष्ट, बंदी चुकीची होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. पंपांतून निघणारा वायु शीतपेट्यांच्या मानानें फार थोडा होता, मग गरिबांचा पंप तेवढा सोडला असता तर काय बिघडलें असतें, असें कित्येक विचारतात. विचार योग्य आहे. परंतु प्रत्येकानें “माझें तेवढें थोडें आहे” असें म्हटल्यास कोणतीही सुधारणा होणार नाहीं. शिवाय इतर सर्व कामांतून तो वायु गेल्यावर केवळ पंपांसाठीं त्याचे कारखाने किती दिवस चालणार होते? छप्पर शाकारणें भागच होतें.

परंतु छप्पर सर्वांचें, आणि शाकारण्याचा खर्च त्याखालीं जो सर्वांत अशक्त निजला होता त्याच्याकडून घ्यावा, ह्यास न्याय म्हणतां येईल काय? नाथान संदेष्ट्यानें दावीद राजास सांगितलेला दृष्टांत वाचकांच्या स्मरणांत असेलच. श्रीमंताचे कळप पुष्कळ होते, तरी पाहुण्याच्या जेवणासाठीं त्यानें गरिबाची एकुलती एक मेंढी नेली. पाहुणचार करणें हें पाप नव्हतें. पाप होतें तें कोणाच्या घरून मेंढी नेली ह्यांत. येथेंही तसेंच झालें. किंमत वाढल्यानें कांहीं रोगी पंप कमी घेतील, हें सरकारनें आपल्या हिशेबांत आधींच धरिलें होतें. तरी ती उणीव भरून काढण्याची पुरती तरतूद झाली नाहीं. ह्या जातीच्या पंपाच्या पेटंटमुक्त स्वस्त प्रती तेथें २०२० सालीं मंजूर झाल्या. त्यांपैकीं एक आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीची होती. आणि रोग्यास महिन्याकाठीं ३५ डॉलरांहून अधिक पडूं नयेत, असें कांहीं मोठ्या कंपन्यांनीं ठरविलें तें २०२४ सालीं. सोळा वर्षांनीं जें करतां आलें, तें पहिल्याच वर्षीं करणें अशक्य होतें काय?

म्हणून आमचें म्हणणें असें आहे कीं, सर्वांच्या हिताचें काम त्याचा भार वांटला जाईपर्यंत पुरें झालें असें समजूं नये. एकमेकांचीं ओझीं वाहण्याविषयीं पौल गलतीकरांस जें लिहितो, त्याचा अर्थ हाच. रोग्यानें पृथ्वीसाठीं जुना पंप सोडावा. पृथ्वीनें रोग्यास उघड्यावर सोडूं नये.

हा प्रश्न संपलेला नाहीं. नवा एच.एफ.ए. वायु ओझोनास अपाय करीत नसला, तरी पृथ्वीची उष्णता वाढविण्यांत कर्बवायूच्या हजारपटींहून अधिक समर्थ आहे, आणि २०१६ च्या किगाली येथील ठरावान्वयें ह्या जातीचे वायुही कमी करावयाचे आहेत. आपल्या देशांतील पंपांतही हाच वायु असतो. तेव्हां पुनः बदल होणार, आणि पुनः कोणाचा तरी श्वास मधें सांपडणार.

उपदेशक बंधूंनो, ही गोष्ट दूरची समजूं नका. आपल्याकडे कांहीं गांवांनीं कुऱ्हाडबंदी व चराईबंदी केली आणि त्यांच्या विहिरींस पाणी वाढलें. फार चांगलें झालें. परंतु जिचें सर्व धन दोन शेळ्या, त्या भूमिहीन विधवेनें चारा कोठून आणावा? सभेंत ठरावास हात वर करण्यापूर्वीं हा प्रश्न कोणी तरी विचारला पाहिजे, आणि तो तुम्ही विचारावा अशी आमची विनंती आहे. ठराव मोडण्यासाठीं तो विचारूं नका. ज्यांच्या विहिरींस पाणी वाढेल, त्यांनीं तिच्या दावणीस पेंढी टाकावी एवढ्यासाठीं विचारा.

आणि मंडळींत कोणी दमेकरी असल्यास, त्याच्या घरीं प्रार्थनेस जाल तेव्हां त्याच्या पंपाचीही विचारपूस करा. तो धुतलेला आहे काय, संपत आला आहे काय, नवा घेण्यास पैसे आहेत काय, हें विचारणें प्रार्थनेहून हलकें काम नव्हे. ज्या प्रभूनें गर्दींतून जातांना वस्त्राच्या कांठास लागलेला एका आजारी बाईचा हात ओळखिला, तो सर्वांचें हित करितांना एकाचा श्वास ऐकण्याची बुद्धि आम्हां सर्वांस देवो.