घरचा धाक कोणाच्या कामी येतो?

मुलांच्या इंटरनेट सुरक्षेचा विषय निघाला की बहुतेक घरांत चर्चा होते ती मोबाइल किती वेळ द्यायचा याची. ती व्हायलाच हवी. पण धोका वेळ बघून येत नाही. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: काही विपरीत घडलं, तर मूल ते घरात सांगेल का?

फसवणुकीची रीत पाहा. ऑनलाइन गेमच्या चॅटवर कुणीतरी सातवीतल्या मुलाशी ओळख वाढवतो. आपणही सातवीतच असल्याचं सांगतो, गेममधली नाणी भेट देतो, शाळेतल्या भांडणाची आपुलकीने चौकशी करतो. काही दिवसांनी म्हणतो, 'इथे नको, दुसऱ्या ॲपवर बोलू.' तिथे आधी साधा फोटो मागतो, मग कपड्यांशिवायचा. तो हाती पडला की सूर पालटतो: 'अजून पाठव, नाहीतर तुझ्या आईबाबांना दाखवीन.' या धमकीचं सगळं बळ मुलाच्या मनातल्या घराच्या भीतीत आहे. मार बसेल, फोन जाईल, बाबा पुन्हा बोलणार नाहीत, या विचाराने मूल गप्प राहतं आणि त्या माणसाचं फावतं. आपण शिस्तीसाठी बसवलेला धाक अशा वेळी त्याच्या कामी येतो.

कायदे आहेत. मुलांना अशा जाळ्यात ओढणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब नुसार गुन्हा आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. पण ज्या घरात आईच्या फोनवरचं प्रत्येक ॲप मुलगाच चालू करून देतो आणि ओटीपीही तोच वाचतो, तिथे आईच्या नावाने संमती कोण देणार, हे सांगायला नको.

म्हणून काही पालक चोरून फोन तपासतात. लहान मुलांच्या बाबतीत देखरेख लागतेच; अनोळखी माणसांचे मेसेज बंद करण्याची सेटिंग मुलाला शेजारी बसवून करावी. पण मोठ्या मुलाला पाळत कळली की ते दुसरं खातं उघडतं, आणि मग आपल्याला काहीच दिसत नाही.

मुलाला आधीच, शब्दांत सांगायला हवं: 'चूक तुझी असली तरी मला सांग. मी ओरडणार नाही, फोन काढून घेणार नाही.' हे वचन किरकोळ प्रसंगातही पाळावं लागतं. गेममध्ये दोनशे रुपये गेले म्हणून आपण घर डोक्यावर घेतलं, तर फोटोची गोष्ट ते कधीच सांगणार नाही.

मुलाने सांगितलंच, तर धमकी देणाऱ्याला पैसे देऊ नका. शरमेपोटी चॅट पुसू नका, तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट घ्या, खातं रिपोर्ट करून ब्लॉक करा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० किंवा मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर फोन करा. 'टेक इट डाउन' या मोफत सेवेत फोटो कुणालाही न पाठवता त्याचा डिजिटल ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो शोधून हटवू शकतात. आणि बदनामीच्या भीतीने तक्रार टाळू नका: पॉक्सो कायद्यानुसार पीडित मुलाची ओळख माध्यमांपासून सुरक्षित ठेवणं ही पोलिसांची जबाबदारी आहे.