हाड आणि सोंड

मागे उरलेल्या एका हाडावरून सबंध आयुष्याचा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? शिवालिक टेकड्यांतल्या शिवथेरियमची हकीकत वाचल्यापासून हा प्रश्न माझा पिच्छा सोडीत नाही.

सहारनपूरच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख ह्यू फॅल्कनर आणि कालव्यांचा अभियंता प्रॉबी कॉटली या दोघांनी १८३६ साली एका अवाढव्य, अश्मीभूत कवटीचे वर्णन प्रसिद्ध केले. खुरांचा, रवंथ करणारा प्राणी, पण डोके हत्तीची आठवण करून देणारे! शिवालिकच्या शिवावरून त्याचे नाव पडले शिवथेरियम, म्हणजे शिवाचा पशू. पशुपतीच्या कळपात एकाची भर पडली म्हणायची. १८३७ साली दोघांना लंडनच्या भूशास्त्र संस्थेचे वोलास्टन पदक मिळाले.

नाकाच्या हाडांची ठेवण पाहून त्यांनी या पशूला सोंड असावी असे अनुमान केले. १८७१ साली जेम्स मुरीने त्याचे नाते सायगा हरणाशी जोडले. आज तो जिराफाच्या कुळातला ठरला आहे. सोंड तर गेलीच. २०१६ सालच्या मोजणीत वजनही सुमारे साडेबाराशे किलोच भरले. कवटी मात्र होती तशीच आहे. बदलत गेले ते पाहणारे.

आपण माणसांच्या बाबतीत दुसरे काय करतो? आजोबांच्या मागे हिशेबाची वही सापडते. तीत पै-पैची नोंद असते. नातवंडे म्हणतात, ‘आजोबा भारी चिक्कू!’ पण वहीत खर्च लिहिलेला असतो, त्यामागची विवंचना लिहिलेली नसते. वही हे हाड. चिक्कूपणा ही आपण लावलेली सोंड.

मग काय, तर्कच करू नये? तसे मला वाटत नाही. तर्क केला नसता तर ती कवटी टेकडीतला एक दगड होऊन राहिली असती, आणि आजोबा भिंतीवरची तसबीर. पण त्या दोघांनी हाडांचे वर्णन नीट लिहून ठेवले, म्हणूनच पुढच्यांना सोंड काढून टाकता आली. मला यातच नीती दिसते. गेलेल्यांविषयी अवश्य बोलावे. मात्र हाड कोणते आणि सोंड कोणती, हे वेगळे सांगावे. मेलेल्याला आपली बाजू मांडता येत नाही. म्हणून ती मांडण्याची जागा आपणच मोकळी ठेवायची असते.

दिवाळीत घरोघर फराळाबरोबर जुन्या माणसांच्या गोष्टी निघतात. त्या रंगू द्याव्यात. फक्त शेवटी एवढे पुसावे: यातले हाड किती?