अपत्य : आज्ञा की आशीर्वाद?

स्त्री-पुरुष, कामजीवन आणि अपत्य यांविषयीच्या ख्रिस्ती विचाराचे मूळ बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांत आहे. पहिल्या अध्यायात देव नर आणि नारी दोघांनाही आपल्या प्रतिरूपात घडवतो आणि त्यांना बहुप्रसव होण्याचा आशीर्वाद देतो. दुसऱ्या अध्यायात मुलाबाळांचा विषयच निघत नाही; एकट्या माणसाला जोडीदार मिळतो, एवढेच. विवाह वंशासाठी की सोबतीसाठी, या वादाची दोन्ही टोके इथेच सापडतात. नव्या करारात तिसरी बाजू येते. येशू अविवाहित होता आणि पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, ज्याला जमेल त्याने लग्नाविना राहावे, असे सुचवले. पुत्राशिवाय गती नाही असे मानणाऱ्या समाजात हा विचार पोचला, तेव्हा त्याचा सर्वांत मोठा अर्थ विधवेला लागला.

महाराष्ट्रात तो अर्थ पंडिता रमाबाईंनी कृतीत आणला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, 1889 मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी शारदा सदन काढले. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि बालविधवा केडगावला आणल्या.  केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये स्त्रीला नवरा आणि मूल यांखेरीज जगण्याचे कारण मिळाले: अक्षर, हातकाम, छापखाना. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होते. रमाबाई धर्मसत्तेपुढे मात्र सहजी वाकल्या नाहीत. कोणत्या पंथाचे काय मानायचे हे त्या स्वतः ठरवू पाहत, आणि इंग्लंडमधल्या त्यांच्या हितचिंतकांना ते खुपत असे. मूळ भाषांवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, 1924 मध्ये पूर्ण छापून झाले.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. धोंडोपंतांच्या पहिल्या पत्नीचा मुलगा म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे, आणि हा धागा पुढे थेट संततिनियमनाला जाऊन भिडतो. र. धों. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. हे कॉलेज स्कॉटिश मिशनचे. 1921 मध्ये त्यांनी संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्या विषयाचा उघड प्रचार केला. 1925 मध्ये त्यांना नोकरी सोडावी लागली. ज्या धर्माच्या आधारे एका विधवेला मातृत्वाबाहेरचे आयुष्य दिसले, त्याच धर्माच्या एका संस्थेला तिच्या सावत्र मुलाने मातृत्व ऐच्छिक ठरवणे सोसवले नाही. कर्व्यांनी 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. ते स्वतः निरीश्वरवादी होते, त्यामुळे हा झगडा केवळ गर्भनिरोधकांपुरता नव्हता, हेही लक्षात घ्यावे लागते.

पुढच्या पाच वर्षांतच ख्रिस्ती जगाची भूमिका दुभंगली. अँग्लिकन बिशपांच्या 1920 च्या लँबेथ परिषदेने कृत्रिम संततिनियमनाला ठाम विरोध केला होता. 1930 च्या परिषदेने नैतिक अटी घालून त्याला वाट दिली. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी पोप अकरावे पायस यांनी उलट निर्णय दिला. 1968 मध्ये सहावे पॉल यांनीही तोच कायम ठेवला: समागमाचा प्रेमाशी आणि प्रजननाशी असलेला दुहेरी संबंध माणसाने तोडू नये, मात्र स्त्रीच्या निसर्गचक्रातील दिवस पाहून संयम पाळायला हरकत नाही. एका बाजूला दिनदर्शिका आणि दुसऱ्या बाजूला गोळी, यांत नैतिक अंतर किती, हा प्रश्न कॅथलिक धर्मशास्त्रज्ञही तेव्हापासून विचारत आले आहेत. प्रोटेस्टंट मंडळ्यांत हा निर्णय साधारणपणे पतिपत्नींच्या विवेकावर सोडला जातो. गर्भपाताबाबत कॅथलिक चर्चची भूमिका 1971 च्या भारतीय कायद्यानंतरही बदललेली नाही.

लिंगसमतेच्या बाबतीत कायदा बराच काळ धर्मग्रंथाच्याही मागे होता. पौल गलतीकरांना लिहितो की ख्रिस्तात स्त्री आणि पुरुष हा भेद उरत नाही. 1869 च्या भारतीय घटस्फोट कायद्यात मात्र ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे कारण पुरत होते. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये ही विषमता घटनाबाह्य ठरवली, संसदेने 2001 मध्ये कायदा सुधारला.

 समलिंगी व्यक्तींच्या प्रश्नाकडे वळताना ख्रिस्ती संस्थांचे एक मोठे केंद्र असलेले नागपूर पाहावे लागते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी तिथे 1845 मध्ये आले. उत्तर भारतातल्या अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या 1970 मध्ये नागपुरातच एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. भारतातील चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही याच शहरात आहे, आणि समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींविषयी मंडळ्यांनी बोलावे म्हणून या परिषदेने उपक्रम हाती घेतले. कॅथलिक चर्च प्रवृत्तीला पाप मानत नाही, कृतीला मानते. 2013 मध्ये मुंबईचे कार्डिनल ऑस्वल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध कायम ठेवला आणि तरीही अशा व्यक्तींना गुन्हेगार समजू नये असे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाने परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले ते 2018 मध्ये.

मूल न होणाऱ्या जोडप्यांसाठी कॅथलिक शिकवण कठोर वाटते: शरीराबाहेरच्या गर्भधारणेला 1987 पासून स्पष्ट मनाई आहे. दत्तक घेण्याला मात्र मान आहे; पौलाने विश्वासणाऱ्यांना देवाची दत्तक मुले म्हटले आहे. गंमत अशी की भारतातल्या ख्रिस्ती दांपत्याला व्यक्तिगत कायद्यानुसार दत्तक घेताच येत नव्हते, फक्त 1890 च्या कायद्याने पालकत्व मिळे. मुंबई उच्च न्यायालयाने ही अडचण दूर करण्याची दिशा दाखवली, 2000 च्या बालन्याय कायद्याने मार्ग खुला केला आणि 2006 च्या दुरुस्तीने दत्तकाची व्याख्या स्पष्ट झाली.