खलाशाचा काय दोष?

२७ जून २०१७ला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून 'नॉटपेट्या' पसरला आणि आपल्या न्हावा शेवा बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. तिथे कंटेनर अडकले. भर समुद्रात जहाजाच्या नेव्हिगेशनवर असा हल्ला झाला, तर जीव जाऊ शकतो.

अशा वेळी 'खलाशाने चुकीच्या लिंकवर क्लिक केलं' म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण थकलेल्या माणसाच्या एका क्लिकने अख्खं जहाज धोक्यात येत असेल, तर आधी जाब सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना विचारायला हवा.

मी देऊळगाव राजात, समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसून कोड लिहितो. माझा बग मला बुडवत नाही. म्हणूनच स्क्रीन बंद पडली तरी खलाशाला जहाज हाताने चालवता येईल, एवढी सोय ठेवणं हे माझ्यासारख्यांचं कर्तव्य आहे.