निळसर

'निळा' म्हणताच आपल्या मनात मेघ येतो, मोरपीस येते, विटेवर उभा राहिलेला तो सावळा येतो. पण त्याच शब्दाला 'सर' एवढा लहानसा प्रत्यय जोडला की अर्थ कुठल्या कुठे जातो, याचा विचार, सज्जनहो, मी पुष्कळ वर्षे करीत आलो आहे. निळसर म्हणजे केवळ फिका निळा नव्हे. निळेपण अंगी पुरते मुरलेले असून ज्याने ते आवरून धरले आहे, तो निळसर.

हे आवरणे मला जुन्नर-आंबेगावकडच्या जुन्या घरांतील भिंतींपाशी उमगले. कळीचा चुना पाण्यात विरवावा, तो खदखदून निवला की फडक्याने गाळावा आणि मग त्यात निळीची पुरचुंडी फिरवावी. चिमूटभर नीळ गेली तर भिंत निळी दिसतच नाही, उलट अधिक शुभ्र दिसते. कारण चुन्यातली पिवळट झाक नीळ आपल्यावर घेते आणि स्वतः दिसेनाशी होते. तीच थोडी वाढवली की भिंत निळसर होते. ओला हात गडद भासतो, वाळल्यावर उजळतो, म्हणून जाणत्या हाताने आधी कोपऱ्यात एक पट्टा ओढून, तो सुकेपर्यंत थांबावे. हे थांबणे मला रंगकामाइतकेच मोलाचे वाटते.

नीळ हे नाव मुळात झाडाचे. पण पुडीतून येणारी नीळ ही बहुधा अल्ट्रामरीन, जी पूर्वी बदख्शानच्या लाजवर्द दगडातून काढीत आणि १८२८ च्या सुमारास युरोपात कृत्रिम रीतीने बनू लागली. प्रशियन निळा चुन्याच्या तीव्र क्षारात टिकत नाही. ही नीळ मात्र तो दाह सोसते आणि आपला रंग राखते. आपल्या आंबेगावच्या डोंगरांवर ज्याच्या नावाने वाटा चढतात, त्या भीमाशंकराचे नीलकंठ हे नाव अशा वेळी आठवल्यावाचून राहत नाही: ज्याने विष गिळलेही नाही, टाकलेही नाही, कंठातच धरले. निळसरपणाचे मूळ मला त्या कंठापाशी दिसते.

आता मंचर-नारायणगावकडच्या घरांत चुन्याऐवजी डबाबंद रंग आला, तरी रीत तीच. भडक निळ्यात पांढरा मिसळला तर तो नुसता बालिश होतो; त्यात तपकिरी स्टेनरचे दोन थेंब पडले की तो शांत होतो, कारण तपकिरी हा काळवंडलेला नारिंगीच आणि नारिंगी रंगचक्रात निळ्याच्या समोरचा. चारही भिंती अशा रंगवणे मला रुचत नाही, विशेषतः पश्चिम पट्ट्यात, जिथे पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन येत नाही आणि खोली गारठलेली वाटते. एकच भिंत घ्यावी, आणि ती देवघरामागची असावी. पितळ, झेंडू, तांदूळ, हळद या सगळ्यांना तीच सामावून घेते.

संध्याकाळी ओट्यावर बसले की शिवनेरी आणि लेण्याद्रीच्या मागच्या रांगा दूर होत जातात तसतशा निळसर होतात. मधल्या हवेतून विखुरलेला निळा प्रकाश त्यांच्यावर पांघरला जातो. दार उघडे असते. आत समई लागते, आणि मागच्या भिंतीवरही तेच अंतर उतरलेले असते, तिच्यापुढे ज्योत अधिक पिवळी दिसते.