शेजारच्या खुर्चीतला आवाज

दसरा झाला की आमच्या युसूफ वडगावातून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. ट्रकात खाली ज्वारीची पोती, भांडीकुंडी, सरपण आणि त्यावर बायका-पोरं. मी सात-आठ वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर अशाच एका ट्रकातून कोल्हापूरकडे निघालो होतो. पोराला गारठा बाधेल म्हणून मुकादमाने मला केबिनमध्ये बसवलं. मांजरसुंब्याला चहा झाला. पाटोदा मागं पडल्यावर ड्रायव्हरची मान एकदा खाली गेली. शेजारी त्याचाच भाचा किन्नर म्हणून बसलेला, असेल पंधरा-सोळा वर्षांचा. तो हळूच म्हणाला, "मामा, जरा कडंला घ्या ना." मामाने त्याच्याकडे पाहिलंही नाही. "गप बस. टायमावर फडावर गाडी लागली पाहिजे." पोरगं गप्प बसलं. गाडी टायमावर लागली. काही झालं नाही.

ते 'काही झालं नाही' पुढे किती वर्षं माझ्या मनात नुसतं पडून होतं. कॅप्टन दीपक साठे यांच्याविषयी वाचलं तेव्हा ते पुन्हा समोर आलं.

साठे यांचे आई-वडील नागपूरचे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेला, हवाई दलाच्या अकादमीत मानाची तलवार मिळवलेला हा वैमानिक. बावीस वर्षं हवाई दलात काढून ते विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि नंतर प्रवासी विमानं चालवू लागले. उड्डाणाचे दहा हजारांहून अधिक तास त्यांच्या नावावर होते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोरोनात अडकलेल्या माणसांना घेऊन ते दुबईहून कोळिकोडला आले. विमानात १९० जण होते. पाऊस कोसळत होता. धावपट्टी टेकडीच्या माथ्यावरची, टोकाला दरी. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा काच पुसणारा वायपर बंद पडला. धावपट्टी नीट दिसेना, म्हणून त्यांनी विमान पुन्हा वर घेतलं. तो निर्णय योग्यच होता. दुसऱ्यांदा ते उलट्या दिशेने उतरले, वारा पाठीमागून होता. खळ्यात उफणणी करणाऱ्यालाही वारा कुठून येतो ते आधी पाहावं लागतं. विमान वाऱ्याला सामोरं उतरवतात ते यासाठी की तोच वारा वेग रोखतो. पाठीमागून आला तर पुढे रेटतो. ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर विमान टेकलं ते ४,४३८ फुटांवर, म्हणजे जवळजवळ निम्मी धावपट्टी संपल्यावर. ते टोकापलीकडे जाऊन कोसळलं. दोघा वैमानिकांसह एकवीस माणसं गेली.

वर्षभराने तपास अहवाल आला. त्यातली एक गोष्ट मला सोडत नाही. शेजारच्या खुर्चीतल्या सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हटलं होतं, म्हणजे उतरू नका, पुन्हा वर घ्या. असं कुणी म्हटलं की विमान वर घ्यायलाच हवं, असा नियम आहे. ते घेतलं गेलं नाही. मग सहवैमानिकाने सूत्रं स्वतःकडे घ्यायला हवी होती. तेही झालं नाही.

हे लिहिताना मला कुणाही दिवंगताकडे बोट दाखवायचं नाही. विमान अपघातांच्या तपासाचाही तो हेतू नसतो. कुणाला दोषी ठरवायचं यापेक्षा पुढचं विमान कसं वाचेल हे पाहण्यासाठी तो केलेला असतो. ही रीत मला फार मोलाची वाटते. आमच्या वस्तीत अपघात झाला की पहिला प्रश्न "चूक कुणाची?" हा असतो, आणि उत्तर मिळालं की सगळे घरी जातात.

याच अहवालात दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणाचाही उल्लेख आहे. ते साठे यांच्याच नावावर लागलेलं होतं आणि कोळिकोडच्या तळावर कॅप्टन कमी होते. कोळिकोडलाच उतरायचं, हा ओढा त्यातून आला, असं तपास करणाऱ्यांनी नोंदवलं. म्हणजे त्या पावसात कॉकपिटमध्ये कुणाचं तरी वेळापत्रकही बसलेलं होतं. मला उचल आठवली. मुकादमाने आगाऊ घेतलेला पैसा, कारखान्याची तारीख, आणि त्या दोन्हींचं ओझं एका झोपाळलेल्या माणसाच्या हातातल्या स्टिअरिंगवर.

पहिल्यांदा मागे फिरणं माणसाला जमतं. दुसऱ्यांदा फिरायला जड जातं, कारण तोवर सगळे वाट पाहून थकलेले असतात आणि आपल्यालाही आपली लाज वाटू लागते. जाणत्या माणसाला तर ते फारच जड जातं. आजवर प्रत्येक वेळी तो सुखरूप पोचलेला असतो. ट्रकातल्या त्या मामालाही झोपेत गाडी हाकूनच पोचायची सवय होती. काही झालं नाही, या अनुभवानेच त्याला चुकीचं शिकवलं.

शेजारच्या आवाजाकडे दुर्लक्ष याआधीही झालं होतं. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफच्या विमानतळावर धुक्यात दोन जंबो विमानं एकमेकांवर आदळली, ५८३ माणसं गेली. उड्डाण घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने दुसरं विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, असं विचारलं होतं. कॅप्टन कंपनीचे नावाजलेले, ज्येष्ठ. त्यांनी ठामपणे शंका उडवून लावली. त्यानंतर जगभर वैमानिकांच्या शिक्षणात एक नवा धडा आला: धाकट्याने स्पष्ट बोलायचं आणि थोरल्याने ऐकायचं. विमान कसं चालवायचं हे कळलेल्या माणसांना हे वेगळं शिकवावं लागलं. आणि शिकवूनही कोळिकोडला शेजारची खुर्ची कमी पडली, इतकं ते अवघड आहे.

आमच्याकडे हे कुणी शिकवत नाही. थोरल्यापुढे बोलू नये, हेच संस्कार म्हणून दिलं जातं. मीही वर्गात तीस वर्षं तेच दिलं.

गेल्या दसऱ्यानंतर गाड्या निघाल्या तेव्हा मी पारापाशी गेलो. एका केबिनमध्ये मामा-भाचे बसले होते. मी ड्रायव्हरला म्हणालो, "हा पोरगा थांबा म्हणाला तर थांबायचं. हिशोब नंतर." "बरं गुरुजी," तो म्हणाला आणि गाडी चालू केली. पोरगं काही बोललं नाही. ते मामाच्या तोंडाकडं बघत होतं.